गिटमधील शाखा-अनुसरण आणि पुश-वर्तन

'गिट' या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत स्थानिक भांडारातील कोणती शाखा दूरस्थ भांडारातील कोणत्या शाखेशी जोडलेली आहे, हे सांगणाऱ्या व्यवस्थेस शाखा-अनुसरण म्हणतात. शाखेचे नाव न घेता 'गिट पुश' एवढीच आज्ञा दिल्यास नेमके काय व कोठे पाठविले जाते, हे ठरविणारा नियम म्हणजे पुश-वर्तन. दोन्ही गोष्टी कॉन्फिग फायलीत नोंदविता येतात. न नोंदविल्यास गिटचे अंगभूत, म्हणजेच डीफॉल्ट, नियम लागू होतात. हे अंगभूत नियम वेळोवेळी बदलले असल्याने एकच आज्ञा जुन्या व नव्या संगणकावर निराळा परिणाम घडवू शकते आणि त्यातून सहकाऱ्याचे काम पुसले जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

या लेखात आज्ञा व सेटिंगांची नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टंकावी लागतात. शाखांची नावे मात्र खरोखरच देवनागरीत ठेवता येतात. त्यातील एक अडचण लेखाच्या शेवटी आली आहे.

पार्श्वभूमी

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिटची रचना केली. त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनिओ हमानो हे त्याची देखभाल पाहत आहेत. गिटपूर्वी प्रचलित असलेल्या सबव्हर्जनसारख्या प्रणालींत मूळ भांडार एकच असे आणि नोंद केली की ती थेट तेथे जाऊन पडे. गिटमध्ये प्रत्येकाजवळ संपूर्ण भांडाराची प्रत असते. नोंद, म्हणजे कमिट, प्रथम स्वतःच्या प्रतीत होते. ती इतरांपर्यंत पोहोचविण्यासाठी 'पुश' आणि इतरांचे काम आणण्यासाठी 'फेच' किंवा 'पुल' अशा स्वतंत्र आज्ञा द्याव्या लागतात. दोन प्रती परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळेच 'माझी ही शाखा तिकडच्या कोणत्या शाखेची?' हा प्रश्न उद्भवतो. सबव्हर्जनमध्ये तो बहुधा पडतच नसे.

विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पेण आणि रोहा या तालुक्यांतील गावांची सूची दोन स्वयंसेवक मिळून तयार करीत आहेत. सामायिक भांडार एका सर्व्हरवर आहे आणि त्यात 'मेन', 'पेण' व 'रोहा' अशा तीन शाखा आहेत. रोह्याचा स्वयंसेवक 'रोहा' शाखेवर काम करतो, पेणची स्वयंसेविका 'पेण' शाखेवर. दोघांनीही भांडाराची प्रत आपापल्या संगणकावर घेतली आहे. प्रत घेताना गिट मूळ भांडारास आपण होऊन 'ओरिजिन' हे नाव देते.

अपस्ट्रीम शाखा

स्थानिक शाखा ज्या दूरस्थ शाखेचे अनुसरण करते तिला गिटच्या परिभाषेत 'अपस्ट्रीम', म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाची शाखा, असे म्हणतात. ही नदीवरून घेतलेली संज्ञा रोहेकरास उमजण्यास सोपी आहे. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील वीजगृहातून कुंडलिकेत उतरते, कोलाडवरून रोह्याला येते आणि पुढे रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तेव्हा रोह्याच्या दृष्टीने भिरा-कोलाड हे वरचे अंग. उपमा मात्र येथेच लंगडी पडते. नदीचे पाणी उलटे चढत नाही, आणि गिटमध्ये तर पुशच्या रूपाने ते रोजच वर चढवावे लागते.

ही जोडणी कॉन्फिग फायलीत दोन ओळींत नोंदलेली असते. 'ब्रँच.रोहा.रिमोट' ही ओळ दूरस्थ भांडाराचे नाव सांगते (बहुधा 'ओरिजिन'), तर 'ब्रँच.रोहा.मर्ज' ही ओळ तेथील शाखेचे पूर्ण नाव. त्या जोरावर 'गिट स्टेटस' ही आज्ञा स्थानिक शाखा दूरस्थ शाखेच्या किती नोंदी पुढे किंवा मागे आहे, ते सांगू शकते. आणि 'गिट पुल' म्हटल्यावर काय आणून कशात मिसळायचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. सर्व शाखांच्या जोडण्या एकत्र पाहावयाच्या असल्यास 'गिट ब्रँच -व्हीव्ही' ही आज्ञा पुरते.

जोडणी तीन प्रकारे तयार होते. प्रत घेताना मुख्य शाखेची जोडणी गिट स्वतःच करते. दूरस्थ भांडारात 'पेण' शाखा आहे पण स्थानिक प्रतीत नाही, अशा वेळी 'गिट स्विच पेण' म्हटले की गिट त्या नावाची स्थानिक शाखा निर्माण करून तिला 'ओरिजिन/पेण'शी जोडून देते. याउलट, शाखा आधी आपल्याकडे जन्मली असेल, तर पहिल्या पुशच्या वेळी 'गिट पुश --सेट-अपस्ट्रीम ओरिजिन रोहा' असे स्पष्ट सांगावे लागते. याचे लघुरूप '-यू'. पूर्वीची जोडणी बदलण्यासाठी 'गिट ब्रँच --सेट-अपस्ट्रीम-टू' हा पर्याय आहे. तो १.८.० या आवृत्तीत (२०१२) आला. त्याआधीच्या '--सेट-अपस्ट्रीम' या ब्रँच-पर्यायात शब्दांचा क्रम फसवा होता: 'ओरिजिन/रोहा' हे नाव चुकीच्या जागी दिले की जोडणी होण्याऐवजी त्याच नावाची एक नवी स्थानिक शाखा उभी राही. पुढे तो पर्याय बाद झाला, हे योग्यच.

येथे एक भेद नीट लक्षात ठेवावा लागतो, कारण बहुतेक गोंधळ त्यातूनच होतो. 'ओरिजिन/रोहा' ही सर्व्हरवरील शाखा नव्हे. शेवटचे फेच, पुल किंवा पुश झाले तेव्हा सर्व्हरवरची शाखा कोठे होती, याची ती स्थानिक प्रतीत राहिलेली आठवण आहे. 'तुमची शाखा ओरिजिन/रोहाशी अद्ययावत आहे' असे गिटने सांगितले, तरी ते त्या आठवणीच्या आधारे सांगितलेले असते. सर्व्हरवर मधल्या काळात कोणी दहा नोंदी घातल्या असतील, तर त्यांचा पत्ता फेच केल्यावाचून लागत नाही.

'पुश.डिफॉल्ट' हे सेटिंग

नुसते 'गिट पुश' म्हटल्यावर काय करायचे, हे ठरविणारे 'पुश.डिफॉल्ट' सेटिंग १.६.३ या आवृत्तीत (२००९) आले. त्यापूर्वी वर्तन एकच होते आणि ते बदलण्यास सरळ मार्ग नव्हता. ते वर्तन म्हणजे 'मॅचिंग': दोन्हीकडे एकाच नावाच्या ज्या ज्या शाखा आहेत, त्या सर्व एकदम पाठवायच्या. गिट लिहिणाऱ्यांच्या कामाला ही रीत जुळत असे. अनेक शाखा तयार करून, नीट तपासून, मग त्या आपल्या सार्वजनिक भांडारात एका झटक्यात प्रसिद्ध करणाऱ्या देखभालकर्त्यास ती सोयीचीच आहे. पण त्या सार्वजनिक भांडारात लिहिणारा तो एकटाच असतो. जेथे अनेक जण एकाच भांडारात लिहितात तेथे हीच रीत घातक ठरते.

आपल्या उदाहरणात रोह्याच्या स्वयंसेवकाने पंधरा दिवसांपूर्वी 'पेण' शाखा एकदा उघडून पाहिली होती. त्यामुळे त्या नावाची स्थानिक शाखा त्याच्या प्रतीत राहून गेली आहे. आज 'रोहा' शाखेवर असताना त्याने 'गिट पुश' म्हटले, तर मॅचिंग रीतीत 'पेण' शाखाही पाठविण्याचा प्रयत्न होतो. पेणच्या स्वयंसेविकेने दरम्यान नव्या नोंदी घातल्या असल्याने सर्व्हर ती शाखा नाकारतो आणि पडद्यावर एक अनाकलनीय त्रुटी उमटते. येथपर्यंत नुकसान काही नाही. परंतु स्वतःच्या 'रोहा' शाखेतील इतिहास दुरुस्त केल्यामुळे त्याला '--फोर्स' वापरावेसे वाटले, तर तो जोर 'पेण' शाखेलाही लागतो. सर्व्हरवरील 'पेण' पंधरा दिवस मागे जाते आणि मधल्या सर्व नोंदी तेथून दिसेनाशा होतात. चूक करणाऱ्याला बरेचदा याचा पत्ताही नसतो, कारण त्याचे लक्ष स्वतःच्या शाखेकडे असते.

अशा नोंदी लगेच नष्ट होत नाहीत, हा त्यातला दिलासा. ज्याच्या प्रतीत त्या आहेत, त्याने पुन्हा पुश केले की त्या परत येतात. शिवाय शाखा पूर्वी कोठे होती याचा 'रीफ्लॉग' स्थानिक प्रतीत राखला जातो. त्यातील नोंदी सामान्यतः ९० दिवस टिकतात, आणि कोणत्याही शाखेतून पोहोचता न येणाऱ्या कमिटांच्या बाबतीत ३० दिवस. सर्व्हरवरील कार्यफायलीविरहित भांडारात मात्र रीफ्लॉग मुळात चालू नसतो; तो चालू करावा लागतो.

'पुश.डिफॉल्ट'ला आणखी चार मूल्ये देता येतात. 'नथिंग' असेल तर शाखेचे नाव सांगितल्यावाचून गिट काहीच पाठवीत नाही. अतिसावध माणसांसाठी हे ठीक आहे. 'करंट' चालू शाखा त्याच नावाने पाठविते, जोडणी असो वा नसो. 'अपस्ट्रीम' (याचे जुने नाव 'ट्रॅकिंग') चालू शाखा तिच्या जोडलेल्या शाखेकडे पाठविते, मग दोघींची नावे निराळी असली तरी. राहिले 'सिम्पल'. हे १.७.११ या आवृत्तीत (२०१२) आले आणि २८ मे २०१४ रोजी प्रसिद्ध झालेल्या गिट २.० पासून तेच अंगभूत झाले. 'सिम्पल'ची वागणूक 'अपस्ट्रीम'सारखीच आहे, पण एका अटीवर: स्थानिक शाखा आणि जोडलेली शाखा यांची नावे एकच हवीत. नावे वेगळी असल्यास किंवा जोडणीच नसल्यास गिट थांबते आणि काय टंकावे ते सुचविते. हा बदल एकाएकी झाला नाही. २.० पूर्वीच्या काही आवृत्त्यांत, ज्यांनी हे सेटिंग भरलेले नसे त्यांना पुश करताना लांबलचक इशारा दिसे. पुष्कळांना तो केवळ कटकट वाटला; पण एवढ्या जुन्या सवयीचा त्याग लोकांकडून करवून घ्यायचा तर दुसरा उपाय नव्हता.

नावांच्या एकरूपतेची अट क्षुल्लक वाटते, पण तिच्यामागे एक नेहमीची फसगत आहे. 'गिट चेकआउट -बी नवी-गावे ओरिजिन/मेन' अशी आज्ञा दिली की 'नवी-गावे' शाखा 'मेन'पासून फुटते, परंतु 'ब्रँच.ऑटोसेटअपमर्ज' या सेटिंगच्या अंगभूत मूल्यामुळे ती 'ओरिजिन/मेन'चे अनुसरणही करू लागते. वापरणाऱ्याचा हेतू केवळ 'येथून सुरुवात कर' एवढाच होता. अशा वेळी पुश-वर्तन 'अपस्ट्रीम' असेल, तर नुसत्या 'गिट पुश'ने अर्धवट काम थेट सर्वांच्या मुख्य शाखेत जाऊन बसते. 'सिम्पल' येथे नावांतील तफावत पाहून अडविते.

अलीकडील सेटिंगे

'सिम्पल'मुळे सुरक्षितता आली, पण नव्या शाखेच्या पहिल्या पुशला प्रत्येक वेळी '--सेट-अपस्ट्रीम' टंकण्याचा जाच राहिला. २.३७ या आवृत्तीत (जून २०२२) 'पुश.ऑटोसेटअपरिमोट' हे सेटिंग आल्यावर तोही संपला: ते 'ट्रू' केले की जोडणी नसलेली शाखा पहिल्या पुशलाच त्याच नावाने पाठविली जाते आणि जोडलीही जाते. 'ब्रँच.ऑटोसेटअपमर्ज'लाही 'सिम्पल' हे मूल्य मिळाले. ते दिल्यास नावे एकच असतील तेव्हाच जोडणी होते आणि वरच्या परिच्छेदातील फसगत मुळातच टळते. ही दोन्ही सेटिंगे एकत्र ठेवली असता रोजच्या कामात बहुतेक वेळा नुसते 'गिट पुश' पुरते. त्यांची नोंद '--ग्लोबल' पर्यायासह केल्यास ती त्या वापरकर्त्याच्या सर्व भांडारांना लागू होतात.

आणणे एका भांडारातून आणि पाठविणे दुसऱ्यात, अशी त्रिकोणी पद्धतही रूढ आहे. मुक्तस्रोत प्रकल्पात बाहेरचा माणूस मूळ भांडाराची स्वतःची शाखाप्रत, म्हणजे फोर्क, तयार करतो; नवे काम मूळ भांडारातून आणतो आणि स्वतःचे काम फोर्कमध्ये पाठवितो. त्यासाठी १.८.३ आवृत्तीपासून (२०१३) 'रिमोट.पुशडिफॉल्ट' आणि एकेका शाखेपुरते 'ब्रँच.<नाव>.पुशरिमोट' अशी सेटिंगे आहेत. या पद्धतीत 'सिम्पल'ची वागणूक 'करंट'सारखी होते. मूळ भांडारास येथे 'अपस्ट्रीम' असे नाव देण्याचा प्रघात पडला आहे. ते दूरस्थ भांडाराचे नाव झाले आणि अपस्ट्रीम शाखा ही वेगळीच गोष्ट. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांनी नवशिक्यांना फार छळले आहे.

बळाने पुश करणे अटळच असेल, तर १.८.५ पासून (२०१३) '--फोर्स-विथ-लीज' उपलब्ध आहे. दूरस्थ शाखा आपल्या आठवणीतल्या जागीच असेल तरच ते पुढे जाते. मात्र एखादा संपादक-प्रोग्रॅम पडद्यामागे आपोआप फेच करीत असल्यास आठवण न कळत ताजी होते आणि हे कुंपण निकामी ठरते, म्हणून २.३० मध्ये (२०२०) '--फोर्स-इफ-इन्क्लूड्स' ही पूरक अट जोडण्यात आली. अशा कुंपणांची गरज काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेन्किन्स या प्रकल्पाच्या १५० हून अधिक भांडारांत चुकून बळाने पुश झाले आणि शाखा जुन्या स्थितीला गेल्या. तेथे कारण पुश-वर्तनाचे अंगभूत मूल्य नव्हते; पण अनेक शाखा एकाच आज्ञेने आणि बळाने हलविण्याचा परिणाम काय होतो, ते त्यात दिसले. नोंदी नंतर परत मिळविण्यात आल्या.

मुख्य शाखेचे नाव

नव्या भांडारातील पहिल्या शाखेस गिट पूर्वापार 'मास्टर' असे नाव देत आले आहे. २.२८ आवृत्तीत (जुलै २०२०) 'इनिट.डिफॉल्टब्रँच' हे सेटिंग आले व हे नाव निवडता येऊ लागले. १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहबने नव्या भांडारांसाठी 'मेन' हे नाव स्वीकारले. त्यामुळे संगणकावर 'मास्टर' आणि सर्व्हरवर 'मेन' अशी विजोड जोडी अनेकांच्या वाट्यास आली, आणि 'सिम्पल'च्या नावाच्या अटीमुळे पुश अडू लागले. सर्व्हरवर नाव बदलल्यानंतर प्रत्येक जुन्या प्रतीत चार गोष्टी कराव्या लागतात: स्थानिक शाखेचे नाव 'गिट ब्रँच -एम मास्टर मेन' असे बदलणे, फेच करणे, 'गिट ब्रँच -यू ओरिजिन/मेन मेन' अशी नवी जोडणी करणे आणि 'गिट रिमोट सेट-हेड ओरिजिन -ए' या आज्ञेने दूरस्थ मुख्य शाखेची आठवण ताजी करणे. शेवटची पायरी पुष्कळ जण गाळतात.

मराठी विकिपीडियाच्या आज्ञावलीतील रीत

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी या आज्ञावलीवर चालतो, तिचे भांडार मार्च २०१२ मध्ये सबव्हर्जनमधून गिटमध्ये आणण्यात आले व त्यासोबत गेरिट ही परीक्षण-प्रणाली वापरात आली. येथे सर्वसामान्य योगदानकर्ता मुख्य शाखेवर थेट पुश करीत नाही. तो 'रेफ्स/फॉर/मास्टर' अशा विशेष पत्त्यावर पाठवितो. गेरिट ते परीक्षणासाठी धरून ठेवते आणि मान्यता मिळाल्यावरच ते शाखेत मिसळते. हा पत्ता दर वेळी टंकावा लागू नये म्हणून 'गिट-रिव्ह्यू' हे साधन वापरतात. त्याची सेटिंगे वापरकर्त्याच्या संगणकावर नव्हे, तर प्रकल्पातच असलेल्या '.गिटरिव्ह्यू' फायलीत असतात. तीत 'ट्रॅक=१' असे असल्यास, चालू शाखा जिचे अनुसरण करते तीच परीक्षणाची लक्ष्यशाखा धरली जाते. म्हणजे 'सिम्पल' ज्या विजोड जोडणीपाशी अडते, तीच येथे कामाची ठरते: 'नवी-गावे'सारखी शाखा 'मास्टर'चे अनुसरण करीत असल्यामुळेच तिचे काम कोठे जायचे ते कळते.

मराठी संदेशांचे भाषांतर करणाऱ्यास मात्र यातले काही करावे लागत नाही. तो ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर लिहितो आणि तेथील मजकूर यंत्रामार्फत 'एमआर.जेसन' या फायलीत, गेरिटमार्गे, भांडारात पोहोचतो.

देवनागरी नावांची अडचण

गिट शाखांची व फायलींची नावे बाइटांची माळ म्हणून साठविते, तेव्हा 'रोहा' हे नाव त्यास 'मेन'इतकेच चालते. फायलींच्या बाबतीत पडद्यावर अक्षरांऐवजी '\३४०\२४४\२६०' असे अष्टमान अंक दिसतात (हा 'र'), 'कोअर.कोटपाथ' हे सेटिंग 'फॉल्स' केले की अक्षरे सरळ दिसू लागतात.

खरी अडचण अर्धा 'र' असलेल्या शब्दांची. 'दऱ्या' या शब्दातील 'ऱ्य' युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो: 'ऱ' हे एकसंध चिन्ह वापरून, 'र' व नुक्ता अशी दोन चिन्हे वापरून, किंवा 'र्'नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही बहुधा सारखेच दिसतात. एकाने एका कळफलकावर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर 'दऱ्याखोरी' असे नाव टंकले, तर लिनक्सवर गिटच्या लेखी त्या दोन भिन्न शाखा होतात. 'पुश.ऑटोसेटअपरिमोट' चालू असल्यास पुश विनातक्रार होते आणि सर्व्हरवर एकाच दिसणाऱ्या नावाच्या दोन शाखा नांदू लागतात. 'गिट स्टेटस' दोघांनाही आपण अद्ययावत असल्याचे सांगते. नाव हाताने टंकण्याऐवजी 'गिट ब्रँच -ए'च्या यादीतून उचलून घेतल्यास हा घोटाळा होत नाही. 'रोहा' आणि 'पेण' या नावांना तो संभवत नाही. पण 'किनाऱ्यावरील-गावे' अशी शाखा काढणाऱ्याने नावापुरती रोमन अक्षरे वापरलेली बरी.